वॉरंटीनंतरची मोटार

सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने माझ्या विजेच्या स्कूटरला लॅपटॉपची वायर जोडली, पडद्यावर उमटलेला क्रमांक वाचला आणि सांगितले, "मॅडम, मोटर रिपेअर होत नाही. पूर्ण असेंब्ली बदलावी लागते. वॉरंटी मागच्याच महिन्यात संपलीय." नवी मोटार, मजुरी आणि कर मिळून जो आकडा त्याने कागदावर लिहून दिला, तो अठरा हजारांच्या पुढचा होता. गाडी अगदीच बंद पडली होती असे नाही. उभी असताना निघायची वेळ आली की ती हिसके द्यायची, मागच्या चाकातून गुरगुर ऐकू यायची, आणि पायाने थोडी पुढे ढकलली की काहीच न झाल्यासारखी सुरळीत धावायची. म्हाताऱ्या पावसाचे दिवस होते. शहापूरहून येळ्ळूरच्या शाळेत जाताना वडगाव ओलांडले की रस्त्यावर जे पाणी साचते, त्यातून रोजची ये-जा चालू होती आणि त्याच आठवड्यात हे दुखणे सुरू झाले. हा सगळा तपशील मी त्या मुलाला सांगितला. त्याने तो शांतपणे ऐकून घेतला, पण त्याच्या फॉर्ममध्ये तो लिहायला रकाना नव्हता.

मोटार रिपेअर होत नाही, हे वाक्य बेळगावात कोणी मला ऐकवील असे वाटले नव्हते.

माझे माहेर येळ्ळूरचे. आमच्या विहिरीवर पाच एचपीची मोटार होती आणि ती जळणे हा घरातल्या वर्षाच्या खर्चातला ठरलेला खर्च होता. तीन फेजपैकी एक फेज रात्रीतून जायचा, उरलेल्या दोन फेजांवर मोटार गुरगुरत राहायची, तारेतून जास्तीचा प्रवाह वाहून वायंडिंग तापायचे, आणि पहाटे बाबा विहिरीवर गेले की जळक्या वॉर्निशचा वास बांधावरच नाकाला लागायचा. मग दोघे जण धरून मोटार दुधाच्या टेंपोत चढवायची आणि शहरातल्या वायंडिंगच्या दुकानात नेऊन टाकायची. सुटीच्या दिवशी मीही हट्टाने जात असे. दुकानाच्या कोपऱ्यात वॉर्निश पाजलेल्या मोटारी भाजायची पत्र्याची भट्टी होती. तिथला उग्र, गोडसर वास कपड्यांना चिकटून घरी यायचा आणि आई पाटावर बसायच्या आधी फ्रॉक बदलायला लावायची. वायंडर काका जळलेले कॉइल छिन्नीने तोडून बाहेर काढत आणि फेकून न देता एकेक वेढा मोजत. तारेची जाडी मायक्रोमीटरने पाहत आणि दोन्ही आकडे एका जाड वहीत लिहून ठेवत. कोणत्या बनावटीच्या, किती एचपीच्या मोटारीत किती खाचा, किती वेढे, किती गेजची तार, हे त्या वहीत होते. कंपनीने ती माहिती त्यांना कधी दिली नव्हती. जळालेल्या मोटारींनीच ती एकेक करून त्यांना दिली होती, आणि म्हणून ती वही गल्ल्याच्या खणात कुलपात असे.

या गावाला असल्या वह्यांची सवय जुनी आहे. किर्लोस्कर रोडवरून रोज हजारो गाड्या जातात, पण लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली या गावात काढलेले दुकान सायकलींचे होते, हे किती जणांच्या ध्यानात असेल कोण जाणे. परदेशी बनावटीची सायकल म्हणजे त्या काळचे अगदी नवे वाहन, आणि ते विकायचे तर ते दुरुस्तही करता आले पाहिजे, हे दुकान चालवणाऱ्याला सांगावे लागत नसणार. पुढे कडबा कापायची यंत्रे आली, लोखंडी नांगर आला, नगरपालिकेने जागा सोडायला लावली आणि 1910 साली सगळे औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडीला गेले. विजेच्या मोटारी करणारी त्या घराण्यातली कंपनी निघाली ती 1946 साली, बंगळूरला. कारखाने गेले, तरी हात इथेच राहिले असे मला वाटत आले आहे. उद्यमबाग आणि मच्छे या इथल्या उद्योगवसाहतींत ओतकामाचे, लेथचे, वायंडिंगचे काम करणाऱ्या माणसांनी कधी एखादे यंत्र "उघडत नाही" म्हणून परत पाठवल्याचे मी ऐकलेले नाही. जमणार नाही असे ते म्हणतील, परवडणार नाही असेही म्हणतील; पण उघडून पाहिल्यावर.

मला पत्ता दिला तो त्या काउंटरवरच्या मुलानेच. मी गाडी ढकलत बाहेर आले तेव्हा तो चहाला निघाला होता. आजूबाजूला पाहून त्याने एका गल्लीचे नाव सांगितले आणि वर म्हणाला, "मी सांगितलं म्हणून सांगू नका हं." आयटीआयला त्याने इलेक्ट्रिशियनचा कोर्स केला आहे, मोटारीचे वायंडिंग त्याने परीक्षेत स्वतःच्या हाताने केले आहे आणि नोकरीत मात्र मोटारीचा एकही स्क्रू उघडायची त्याला परवानगी नाही. त्याच्याविषयी मनात आलेला राग तिथेच विरला. कुणाविषयी बाळगावा हे मग नीट ठरवता आले नाही.

गल्लीतल्या त्या दुकानावर पाटी अजून पंपाच्या मोटारींचीच आहे. आत मात्र भिंतीला टेकून स्कूटरची मागची चाके रांगेने उभी होती. दुकानदार पन्नाशीचे, आपल्या काकांच्या वायंडिंगच्या दुकानात ते लहानपणी शिकले. हाताखालच्या पोराशी कानडीत, स्पेअर पार्टवाल्याशी फोनवर दखनीत आणि माझ्याशी मराठीत असे एका दमात बोलत होते. एवढी गर्दी कशी, असे विचारल्यावर ते म्हणाले, "बाई, सगळ्यांची वॉरंटी एकदमच संपायली की." हिशेब सरळ आहे. विजेच्या गाड्यांसाठीच्या केंद्राच्या फेम-2 योजनेत 2021 च्या जूनमध्ये दुचाकींचे अनुदान बॅटरीच्या दर किलोवॅट-तासाला दहा हजारांवरून पंधरा हजार झाले, मर्यादा किमतीच्या 40 टक्क्यांपर्यंत गेली, आणि त्यानंतरच्या वर्ष-दोन वर्षांत पेट्रोलच्या भावाने गांजलेल्या नोकरदारांनी, दूधवाल्यांनी, आमच्यासारख्या शिक्षकांनी या गाड्या घेतल्या. त्याच योजनेने कंपन्यांना बॅटरीसकट किमान तीन वर्षांची वॉरंटी द्यायला लावली होती. बऱ्याच जणांनी, मीही, ते तीन वर्षे हे गाडीचे वय असल्यासारखे मनात धरले. 2023 च्या जूनमध्ये अनुदान कमी झाले, योजना 2024 च्या मार्चअखेर संपली, काही विक्रेत्यांनी शटर ओढले, आणि एका लाटेत घेतलेल्या गाड्या एकाच लाटेत या गल्लीत येऊन उभ्या राहिल्या.

त्यांनी आधी गाडी मधल्या स्टँडवर घेतली आणि सीटखालच्या कंट्रोलरपासून, म्हणजे मोटारीला वीज कधी आणि किती द्यायची ते ठरवणाऱ्या डब्यापासून, मोटारीच्या पिवळ्या, हिरव्या, निळ्या अशा तिन्ही जाड तारा सोडवल्या. मग मला म्हणाले, "चाक फिरवून बघा की तुमीच." चाक हलके फिरले. याचा अर्थ आत कुठे शॉर्ट नाही. पिवळी आणि हिरवी तार एकमेकींना जोडून पुन्हा फिरवायला सांगितले. आता चाक अडखळत, हाताला ओढ देत फिरू लागले, कारण जोडलेल्या तारांतून मोटार स्वतःच वीज तयार करून स्वतःलाच अडवत होती. हिरवी-निळी, निळी-पिवळी अशा जोड्या लावून पाहिल्या आणि तिन्ही वेळा ओढ सारखीच लागली. "वायंडिंगला काय झालेलं नाही बघा," ते म्हणाले. एवढ्या तपासणीला एकही उपकरण लागले नव्हते. त्यानंतर मल्टिमीटर आला. मोटारीतून पाच बारीक तारांचा आणखी एक जुडगा येतो. लाल-काळ्या तारांतून पाच व्होल्ट आत जातात आणि उरलेल्या तीन तारा तीन हॉल सेन्सरांच्या. चाक सावकाश फिरवले की समोरून चुंबक जाताना प्रत्येक सेन्सरचा आकडा शून्यावरून पाचाकडे आणि पुन्हा शून्याकडे जायला हवा. पिवळ्या तारेवर तो गेला, हिरवीवरही गेला. निळ्या तारेवर काटा शून्यावरच चिकटून बसला. "हा मेलाय."

चाक थांबलेले असते तेव्हा चुंबके नेमकी कुठे आहेत हे कंट्रोलरला हे तीन सेन्सरच सांगतात. एक गप्प बसला की पहिला धक्का कोणत्या फेजला द्यायचा हे त्याला कळत नाही, तो चुकीच्या जागी जोर लावतो आणि गाडी हिसका देते. एकदा चाकाला गती आली की पुष्कळदा निभावून जाते. महिनाभर माझ्या पायाने ढकलून मी जे काम करत होते, ते त्या सेन्सरचे होते. तांदळाच्या दाण्याहून जरासा मोठा, तीन पायांचा, काळा तुकडा. बाजारात तिन्ही मिळून शंभर रुपयांच्या आतबाहेर मिळतात. लॅपटॉपने दाखवलेला क्रमांक खोटा नव्हता. बिघाड मोटारीतच होता. त्या क्रमांकापासून "पूर्ण असेंब्ली"पर्यंतचे अंतर मात्र कोणत्याही यंत्राने नाही, कंपनीच्या हिशेबाने कापले होते. तो हिशेबही मला समजतो. शंभर गावांत मोटार उघडणारी शंभर माणसे तयार करण्यापेक्षा, शंभर खोकी पाठवणे सोपे आणि बिनचुकीचे. पैसे ग्राहकाचे असले की ते आणखी सोपे होते.

उघडताना पाहायला मिळाले ते मी विसरणार नाही. त्यांनी मनगटावरचे घड्याळ काढून ठेवले, मला फोन आणि बँकेची कार्डे घेऊन लांब उभे राहायला सांगितले, झाकण आणि कडे यांच्यावरून छिन्नीने एक खूण मारली, म्हणजे बसवताना ते जिथल्या तिथे बसेल. विहिरीवरच्या मोटारीत मधला दांडा फिरतो आणि बाहेरचे अंग स्थिर असते. इथे सगळे उलटे, एक्सल गाडीला घट्ट आवळलेला, तांब्याची वायंडिंग त्याला धरून गप्प, आणि चुंबके चिकटवलेले बाहेरचे कडे चाकासकट फिरते. ती चुंबके निओडिमियमची असतात आणि लोखंडाला सोडायला तयार नसतात. पुलरचा बोल्ट फेऱ्यामागून फेरा आवळत असताना काही होत नाहीसे वाटते आणि एका क्षणी खाडकन आतले सगळे सुटून येते. त्या क्षणी बोट मध्ये असेल तर जाते. "साकु, साकु," ते पोरावर ओरडले आणि त्याचा हात झटकून मागे केला. मग दोन लाकडी ठोकळ्यांच्या मधून स्टेटर, म्हणजे वायंडिंगचा तो स्थिर भाग, वर उचलला गेला.

आतल्या पोकळीत तपकिरी चिखल होता. बेअरिंगच्या ग्रीसमध्ये मिसळलेला गंज, कड्याच्या आतल्या बाजूला पाण्याच्या पातळीची रेघ, आणि सेन्सरच्या पायांवर हिरवट-पांढरा थर. तांबे मात्र शेंदरी लकाकत होते. कुठे काळे नाही, जळका वास नाही. पाणी शिरले कसे, याचे त्यांनी दिलेले उत्तर मला पटले. मोटार चालून तापते तेव्हा आतली हवा फुगून बाहेर पडते. तशा तापलेल्या चाकासकट गाडी पाण्यात शिरली की ती एकदम थंड होते, आतली हवा आकसते आणि एक्सलमधून जिथे तारा बाहेर येतात तिथल्या फटीतून पाणी ओढून घेते. जाहिरातीत आयपी 67 लिहिलेले असते, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पण ती चाचणी नव्या, सीलबंद नगावर होते. तीन पावसाळे खड्ड्यांतून हादरलेल्या सीलविषयी ते अक्षर काही बोलत नाही. खानापूर-जांबोटी पट्ट्यातल्या गाड्या जास्त येतात, असे ते म्हणाले. तिथला पाऊस माहीत असणाऱ्याला याचे नवल वाटणार नाही.

त्यांनी एकाऐवजी तिन्ही सेन्सर बदलले, कारण एक कुजला की उरलेले त्याच वाटेवर असतात. जुने तुकडे चाकूच्या टोकाने खाचेतून कोरून काढले, नवे बसवताना छापील अक्षरांची बाजू भिंगातून तीनतीनदा पाहिली, पायांवर बारीक नळ्या चढवल्या आणि इपॉक्सी भरून रात्रभर ठेवले. दोन्ही बेअरिंगे नवी घातली, गंज घासून कड्याला वॉर्निशचा हात दिला, झाकणाच्या कडेला सिलिकॉन फिरवला. सगळ्याचे मिळून दोन हजारांच्या आत झाले. कपाटातून त्यांनी एक वही काढली आणि त्यात माझ्या मोटारीचे पान लिहिले: खाचा 51, चुंबके 46, बेअरिंगचे नंबर, तारांचे रंग. अक्षर वळणदार, कानडी आणि मराठी मिसळलेले. मागच्या पानांवर पंपाच्या मोटारींचे वेढे होते.

एवढे सगळे पाहूनही माझा विश्वास पुरा बसला होता असे म्हणता येणार नाही. कारखान्यात दाबाखाली बसवलेले सील आणि गल्लीत बोटाने फिरवलेला सिलिकॉन यांत फरक आहे, आणि तो त्यांनीही नाकारला नाही. "एक पावसाळा माझा शब्द. दुसऱ्याला गाडी उघडून बघूया," एवढेच ते म्हणाले. बिल साध्या कागदावर, तेही मागितल्यावर. बॅटरीला ते हात लावत नाहीत. कोणी पॅक घेऊन आले तर दारातूनच परत लावतात. मोटार चुकली तर गाडी रस्त्यात उभी राहील, बॅटरी चुकली तर घर पेटेल, असे त्यांचे म्हणणे. कंपन्या "बाहेर उघडू नका" म्हणतात त्यामागे नुसता नफा असतो असे मी मानत नाही. पण बॅटरीची भीती मोटारीलाही लावून दोन्ही एकाच कुलपात ठेवायची, ही हातचलाखी आहे.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 2022 च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याचे पोर्टलही सुरू केले. त्यात शेतीची अवजारे आणि वाहने ही दोन्ही क्षेत्रे आहेत, म्हणजे बाबांचा पंप आणि माझी स्कूटर एका यादीत आल्या. मी ते त्यांना सांगितले. त्यांनी कामातून मान वर न करता विचारले, "कोड देतात काय त्यात?"

हा प्रश्न का, ते दुकानाच्या दाराशी उभ्या असलेल्या एका स्कूटरमुळे कळले. काकतीकडच्या एका दूधवाल्याची ती गाडी. माझ्या गाडीपेक्षा नवी, पण दिवसाला दोन खेपा करून करून किलोमीटरांत वॉरंटी संपवलेली. तिचाही सेन्सरच गेला होता, तोही त्यांनी बदलला होता, तिन्ही तारांवर आकडे व्यवस्थित नाचत होते. तरीही गाडी हलत नव्हती. माझ्या गाडीचा कंट्रोलर साधा आहे. सेन्सर बोलू लागले तसा तो कामाला लागला. त्या गाडीच्या कंट्रोलरने बिघाडाची नोंद करून स्वतःला बंद करून घेतले होते आणि ती नोंद पुसायचे प्रोग्राम फक्त कंपनीच्या लॅपटॉपमध्ये होते. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, बाहेर उघडलेल्या मोटारीची नोंद आम्ही पुसत नाही, नवी मोटार घ्या. तांबे, लोखंड, चुंबक, बेअरिंग यांतले जे जे हाताने दुरुस्त होते ते सगळे बरे झाले होते, आणि जे बिघडलेलेच नव्हते त्याने गाडी अडवून धरली होती. वेढे मोजून वहीत लिहिता येतात. ही नोंद कितीही गाड्या उघडल्या तरी वहीत उतरत नाही.

दूधवाला आठवडाभर थांबला. दुधाला थांबता येत नाही म्हणून भावाच्या मोटारसायकलवर त्याने खेपा केल्या आणि शेवटी मेकॅनिकनी कंपनीचा कंट्रोलर काढून ठेवून बाजारात मिळणारा सरसकट चालणारा कंट्रोलर बसवला. गाडी चालू झाली. पण समोरचा पडदा काळा, मोबाइलमधले ॲप मुके, चोरीचे कुलूप निकामी, बॅटरी किती उरली तेही अंदाजाने. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही, अपघात झाला तर विमा कंपनी बोट ठेवायला मोकळी, हे मी त्याला शाळेतल्या बाईपणाच्या सवयीने समजावून सांगितले. त्याने कॅनच्या दोऱ्या आवळता आवळता सगळे ऐकून घेतले.

"मग कायद्यानं चालंल अशी कोण करून देतंय, सांगा की, तिकडंच नेतो."

मेकॅनिक हसले. मी पर्समध्ये सर्व्हिस सेंटरचा तो अठरा हजारांचा कागद शोधत होते, त्याच्या मागच्या बाजूला त्यांचा फोन नंबर लिहून घ्यायचा होता.